घरातली रसायने : काळजी कुठे करावी, कुठे सोडून द्यावी

मुंबईजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे बाळ आठ महिन्यांचे आहे, नुकतेच रांगू लागले आहे आणि हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते. बाळंतपणाच्या रजेत त्यांनी फोनवर घरगुती वस्तूंमधील विषारी रसायनांविषयी बरेच काही पाहिले आणि वाचले. त्यानंतर त्यांनी नॉनस्टिक तवे आणि प्लास्टिकचे डबे घराबाहेर काढले, फिनाईल बंद केले, फरशीसाठी सोडा आणि व्हिनेगरचे मिश्रण, शिवाय लिंबाच्या साली आंबवून केलेले बायोएन्झाईम सुरू केले, डासांसाठी कापूर आणि निलगिरीच्या तेलाचा डिफ्यूझर आणला आणि 'केमिकल-फ्री' असे लिहिलेले साबण, पावडर व क्रीम महाग पडत असूनही मागवायला सुरुवात केली. सासूबाईंना हे सारे आपल्या संसारावर ठेवलेले बोट वाटते. त्या न्हाणीघरासाठी अ‍ॅसिड आणतात (ते घासायला मावशी येतात), कपाटात डांबरगोळ्या ठेवतात, संध्याकाळी कॉइल लावतात आणि बाळाला अंघोळीनंतर धुरी देतात. यजमान म्हणतात, "आम्ही याच घरात लहानाचे मोठे झालो, आम्हाला काय झाले?" बाळाच्या पहिल्या वाढदिवसाआधी घराला रंग काढावा असेही त्यांच्या मनात आहे.

पत्रातला प्रश्न असा : "मी खरोखरच अति करते आहे का? आणि करत नसेन, तर आणखी काय काय टाळायचे राहिले आहे? बाळाच्या रक्तातले शिसे तपासून घ्यावे का? रात्री झोपताना मला रोज एखादी नवी वस्तू आठवते."

*

तुमची काळजी अवाजवी नाही, हे सुरुवातीलाच सांगते. रांगणारे बाळ आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, जिथे धूळ बसते त्या जमिनीलगतच दिवस काढते, दिवसभर हात तोंडात घालते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. त्यामुळे जे प्रमाण तुम्हाला किंवा सासूबाईंना जाणवणारही नाही, ते त्याला बाधू शकते. प्रश्न योग्य आहे. ज्या रेषेने तुम्ही घराचे दोन भाग केले आहेत, एका बाजूला 'केमिकल' आणि दुसऱ्या बाजूला 'नैसर्गिक', त्या रेषेवर मात्र माझा विश्वास नाही, आणि तो का नाही हे तुमच्याच घरातल्या एका वस्तूवरून सांगता येईल.

तुम्ही डासांसाठी कापूर आणलात. कापूर झाडापासून मिळतो, देव्हाऱ्यात असतो, त्याचा वास आपल्याला पवित्र वाटतो. तरीही लहान मुलाने कापराची वडी गिळली तर अर्ध्या-पाऊण तासात त्याला आकडी येऊ शकते, आणि यासाठी मोठी वडी लागत नाही. निलगिरीच्या तेलाचेही तसेच आहे. वास घेताना ते औषधी वाटते, पण बाळाच्या पोटात काही मिलिलिटर गेले तर ते विष ठरते. पांढऱ्या गोड वासाची वडी आणि उघडी राहिलेली तेलाची कुपी आज तुमच्या घरात रांगत्या बाळाच्या उंचीवर आहे की नाही, हा प्रश्न नॉनस्टिक तव्यापेक्षा कितीतरी निकडीचा आहे. म्हणून कोणत्याही वस्तूबद्दल ती कशापासून बनली असे विचारण्याआधी, ती शरीरात कोणत्या वाटेने जाते, किती जाते, किती वेळा जाते आणि कोणाच्या शरीरात जाते, एवढे विचारत चला. या प्रश्नांतून पाहिले तर तुमच्या यादीतील बऱ्याच गोष्टी मागे सरकतील आणि ज्या यादीत नाहीत अशा काही पुढे येतील.

न्हाणीघरापासून सुरुवात करू, कारण घरातील सर्वांत तातडीचा धोका तिथे आहे. संडास साफ करण्याच्या बाजारातील बहुतेक द्रावणांत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दुकानातून सुट्या बाटलीत मिळणारे अ‍ॅसिड त्याहून कितीतरी तीव्र असते. दुसरीकडे ब्लीच म्हणून जे द्रावण विकले जाते त्यात सोडियम हायपोक्लोराइट असते, आणि पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर त्याच जातीची. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. जास्त स्वच्छ व्हावे म्हणून एकावर एक ओतण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि दार लावलेल्या छोट्या न्हाणीघरात तो वायू थेट फुप्फुसांत जातो. इथे तुमच्या नैसर्गिक मिश्रणांबद्दलही सावध करायला हवे : व्हिनेगर आम्ल आहे, सालींचे बायोएन्झाईमही चांगलेच आम्लधर्मी असते, त्यामुळे तुम्ही व्हिनेगरने पुसलेल्या जागेवर सासूबाईंनी ब्लीच ओतले तर परिणाम तोच. दोघींपैकी कोणाचीही वस्तू एकट्याने वापरली असता जितकी घातक नसते, तितकी ती दुसरीच्या वस्तूत मिसळल्यावर होते. तुमच्या घरात आज खरा धोका या दोन पद्धती एकाच न्हाणीघरात नांदण्याचा आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्यात फारसा अर्थही नाही. एक अल्क, एक आम्ल. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि फेस ओसरल्यावर हाती उरते ते बहुतांशी खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळे : घासायला सोडा, नळावरचा क्षाराचा पांढरा थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबू. बायोएन्झाईम करणार असाल तर बाटली काठोकाठ भरू नका आणि सुरुवातीच्या आठवड्यांत झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्या, कारण बंद बाटल्या फुटतात. फरशीसाठी, खरे सांगायचे तर, साबणाचे पाणी आणि नंतर साध्या पाण्याचा हात पुरेसा आहे. घरात उलट्या-जुलाबांची साथ नसेल तर रोज जंतुनाशक टाकण्याची गरज नसते. हात धुण्याच्या 'अँटीबॅक्टेरियल' साबणांचेही असेच. ट्रायक्लोसानसह एकोणीस जंतुनाशक घटकांपैकी एखादा तरी असलेल्या अशा साबणांची विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये थांबवली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नाही.

सुटे अ‍ॅसिड मात्र घरात येऊच नये. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीवर बंधने घातली, घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि नोंद बंधनकारक केली. तरीही ते हातोहात मिळते, ही आपल्या बाजारपेठांची लाजिरवाणी गोष्ट आहे.

तुमच्या पत्रात बाळाचा उल्लेख अनेकदा आहे, पण संडास-न्हाणीघर घासायला येणाऱ्या मावशींचा एकदाच, ओघात आला आहे. ज्या चार प्रश्नांविषयी मी वर लिहिले ते त्यांना लावून पाहा. तुमच्या घरातील अ‍ॅसिडची वाफ सर्वांत जास्त त्या घेतात, उघड्या हातांनी घासतात, आणि हे काम रोज चार-पाच घरी करतात. बाळ त्या खोलीत पाचदहा मिनिटेही नसते. रबरी हातमोजे, उघडी खिडकी, चालू एक्झॉस्ट पंखा आणि "हे दोन कधी मिसळायचे नाही" हे त्यांच्या भाषेत नीट सांगणे, इतके तुमच्या हाती आहे, आणि हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक घराच्या हाती आहे. महागडे 'केमिकल-फ्री' द्रावण आणण्यापेक्षा यातून अधिक भले होईल, असे मला मनापासून वाटते.

आता हवेकडे वळू. घरातील हानिकारक गोष्टींपैकी सर्वाधिक ज्या वाटेने आत जातात ती वाट श्वासाची, आणि आपण नेमके तिकडेच दुर्लक्ष करतो, कारण धूर आपल्याला मंगल वाटतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातील डासांच्या कॉइल जाळून पाहिल्या, तेव्हा एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरले. कॉइलमधील कीटकनाशकाचे प्रमाण अगदी कमी असते. बाकी सारा भुसा, भुकटी आणि डिंक असतो, तो रात्रभर धुमसत राहतो आणि त्रास होतो तो या धुमसण्याचा. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्या याहून बऱ्या, असे समजू नका. घरगुती कीटकनाशकांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते, आणि अशा अनेक अगरबत्त्या नोंदणीशिवायच कीटकनाशक मिसळून विकल्या गेल्याचे आढळले आहे. वेष्टनावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती घरात आणू नका. वेष्टनावर चौकोनात रंगीत त्रिकोणही छापलेला असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. ही खूण एकदा ओळखता आली की कीटकनाशकांच्या दुकानात बरीच भीती आणि बराच गोंधळ कमी होतो.

पण डासांपासून संरक्षणच सोडून देऊ नका. डेंग्यू आणि हिवताप बाळासाठी कोणत्याही वाफेपेक्षा जवळचे संकट आहेत. खिडक्यांना जाळी, बाळाच्या झोपण्याला मच्छरदाणी, कुंड्यांखालच्या बशा आणि कूलरमधले पाणी आठवड्याला रिकामे करणे, हे पहिले. त्यानंतरही गरज पडली तर कॉइलपेक्षा विजेवर चालणारे द्रवाचे यंत्र बरे, कारण त्यात धूर नसतो. ते बाळाच्या उशाशी न ठेवता, बाळ खोलीत नसताना संध्याकाळी थोडा वेळ लावून बंद करावे. डिफ्यूझरने डास फारसे जात नाहीत. तो कपाटात गेला तरी चालेल.

धुरीविषयी लिहिताना मला अधिक जपून लिहावेसे वाटते, कारण तिच्यात आजीची माया आहे. तेल लावणे, अंघोळ घालणे, दुपट्यात गुंडाळून ऊब देणे यांत काहीच गैर नाही; उलट बाळाला त्याची गरज असते. ओवा, शेपा, वेखंड आणि ऊद निखाऱ्यांवर टाकून बंद खोलीत दिलेला धूर मात्र बाळाच्या कोवळ्या श्वासनलिकांना सोसत नाही, आणि कोळशाच्या शेगडीतून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड येतो, जो बंद खोलीत जिवावर बेतू शकतो. 'धुरी बंद' असे सांगितले तर सासूबाईंना ते नातवापासून तोडणे वाटेल. अंघोळीची आणि तेलाची सारी जबाबदारी त्यांच्याकडेच राहू द्या आणि फक्त शेगडी खोलीबाहेर काढा. हे सांगणे तुमच्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून आले तर अधिक बरे. पुढच्या लसीकरणाला सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा. देवापुढची एक उदबत्ती खिडकी उघडी ठेवून लावायला हरकत नाही.

डांबरगोळ्यांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने ठाम आहे. त्यांत बहुधा नॅफ्थॅलीन असते. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते, भारतातील काही समाजगटांत ही कमतरता बरीच आढळते, आणि अशा बाळाला नॅफ्थॅलीनच्या संपर्काने तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. यासाठी गोळी गिळावीच लागते असे नाही. ट्रंकेत गोळ्यांसह वर्षभर राहिलेली गोधडी किंवा झबली न धुता अंगावर घातली तरी नवजात बाळे आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि अंगाला तेल लावलेले असेल तर हे रसायन त्वचेतून अधिक शोषले जाते. आपल्याकडे बाळाला तेल लावल्याशिवाय दिवस जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. गोळ्या काढा, कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि लोकरीचे कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

याच कपाटांच्या ओळीत धान्याची कोठी येते, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. वर्षाचे गहू-तांदूळ भरताना काही घरांत पाऱ्याच्या टिकड्या टाकतात, काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कापडात बांधून ठेवतात. दुसरी वस्तू सामान्य घरात असणे म्हणजे निव्वळ संकट आहे : हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो झोपण्याच्या खोलीत झिरपला तर माणसे दगावतात, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांखेरीज कोणाला विकायच्या नाहीत, असा नियम आहे. गावाकडून धान्य येत असेल तर सोबत काय बांधले आहे ते विचारून घ्या. कडक उन्हात वाळवलेले धान्य, डाळींना एरंडेलाचा हात, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण, या जुन्या रीती इथे खरोखर चांगल्या आहेत, आणि सासूबाईंना त्या तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतील. त्यांना विचारा. तुम्ही त्यांच्याकडून काही शिकलात तर त्यांनाही तुमचे काही ऐकावेसे वाटेल.

मुलांना विषबाधा होते ती बहुतेक वेळा साध्याच कारणाने : फिनाईल थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले असते, रॉकेल पाण्याच्या तांब्याशेजारी असते, मुंग्यांचा खडू शाळेच्या खडूसारखा दिसतो, उंदराचे औषध बिस्किटावर लावून ओट्याखाली सरकवलेले असते. म्हणून प्रत्येक द्रावण मूळ बाटलीतच राहावे, आणि सारे काही तुमच्या खांद्याच्या उंचीवर, कडी असलेल्या कपाटात जावे. हे काम एका दुपारी होते आणि त्याला पैसा लागत नाही. तरीही काही गिळल्याची शंका आली तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. आम्ल, फिनाईल किंवा रॉकेल वर येताना दुसऱ्यांदा इजा करते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ असा असून तो रात्रंदिवस चालू असतो. तो आजच फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता शिसे. याबाबत तुमच्या यजमानांच्या वाक्याचेही उत्तर द्यायला हवे. "आम्हाला काय झाले?" हा प्रश्न शिशाच्या बाबतीत विचारताच येत नाही, कारण त्याचे नुकसान दिसत नाही. ज्या मुलाची एकाग्रता किंवा बुद्धीची झेप शिशामुळे थोडी उणी राहिली, त्याला ती पूर्ण असती तर कशी असती हे कधीच कळत नाही. २०२० साली युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने केलेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच.

म्हणून वाढदिवसाआधीच्या रंगकामाकडे लक्ष द्या. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांना ९० भाग इतकी आहे, त्यामुळे नवा रंग घेताना डब्यावर तसा उल्लेख पाहिला की झाले. खरा धोका जुन्या थरांत आहे. तुमची इमारत जुनी असेल तर दारे, चौकटी आणि खिडक्यांचे गज यांवर जुन्या ऑइल पेंटचे अनेक थर असतील, आणि रंगारी ते कोरड्या पॉलिशपेपरने घासतील तेव्हा त्या धुळीत शिसे असू शकते. तीच धूळ फरशीवर बसते आणि बाळाच्या हातावरून तोंडात जाते. थर ओला करूनच घासायला सांगा, त्या काळात बाळाला आजोळी पाठवा, आणि परत आणण्याआधी सारे घर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. तसे शक्य नसेल तर रंगकाम वर्षभर पुढे ढकला. वाढदिवस जुन्या भिंतींच्या घरातही तितकाच गोड होतो.

देवघरातील शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मारुतीला तो लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तो हात बाळाच्या कपाळाला लावू नये. सुरमा टाळाच, त्यात अनेकदा शिशाचे सल्फाइडच असते. तीट लावायची असेल तर घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ कानामागे लावा, डोळ्यांत नको, आणि तळपायालाही नको, कारण या वयात पाय तोंडात जातो. आणि घरात कोणी गोरे होण्याचे क्रीम वापरत असेल, विशेषतः ज्यावर उत्पादकाचा पत्ता वा घटकांची यादी नाही असे, तर ते लगेच बंद करा. अशा काही क्रीममध्ये पारा आढळला आहे, त्यामुळे महाराष्ट्रात आणि केरळात स्त्रियांचे मूत्रपिंड बिघडल्याचे गेल्या काही वर्षांत समोर आले आहे, आणि तो पारा कुशीत घेतलेल्या बाळापर्यंतही पोहोचतो.

रक्ततपासणीबाबत तुम्ही थेट विचारले आहे. घरात अलीकडे जुना रंग खरवडला गेला असेल, बाळाला सुरमा लावला असेल, जवळ जुन्या बॅटऱ्या फोडणारा किंवा शिसे वितळवणारा कारखाना असेल, किंवा घरातील कोणी तशा कामावरून त्याच कपड्यांत घरी येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून तपासणी जरूर करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळले तर शिसे कुठून येते ते शोधून ते थांबवावे. यांपैकी काहीच नसेल, तर केवळ मनाच्या धाकधुकीपायी बाळाला सुई टोचू नका.

उरलेल्या गोष्टी भरभर सांगते, कारण त्या भरभर सांगण्याइतक्याच मोठ्या आहेत. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून खूप तापवला, साधारण २६० अंशांच्या पुढे, तर त्याचा लेप विघटित होऊ लागतो. मंद आचेवर धिरडे घालताना तसे होत नाही. तवे काढून टाकलेत तर लोखंडी तवा उत्तमच, पण त्या निर्णयावर झोप घालवण्यासारखे काही नव्हते. त्याऐवजी पितळेची भांडी आणणार असाल तर कल्हई ठीक आहे ना ते पाहा. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते ते धातू उतरल्यामुळेच. भंगारातून ओतलेल्या हलक्या हिंडालियमच्या काही भांड्यांतून शिसे उतरल्याचेही आढळले आहे, त्यामुळे आंबट पदार्थांना स्टील बरे. प्लास्टिकच्या डब्यांत कोरडे पोहे-रवा खुशाल राहू द्या. गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ तेवढे त्यांत घालू नका आणि ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. बाळाला बाटलीऐवजी स्टीलची वाटी-चमचा द्या, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. भजी निथळायला वर्तमानपत्र वापरू नका, छपाईच्या शाईतील घटक गरम तेलात उतरतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याविरुद्ध सूचना दिल्या आहेत. बाळाला पावडर, मग ती 'नैसर्गिक' असली तरी, लावूच नका. तिचा उडणारा कण श्वासात जातो आणि तिचा उपयोगही काही नाही. इथे तुमचे पैसे वाचतील. वाचलेल्या पैशांत खिडक्यांच्या जाळ्या येतील.

तुम्ही अति करता का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तुम्ही काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी केलेत. बाहेर काढलेल्या बऱ्याच वस्तूंनी फारसे बिघडत नव्हते, आणि ज्यांनी बिघडते त्या वस्तू अजून घरात आहेत. घरातली भांडणेही याच कारणाने वाढली असावीत : सासूबाईंना एकाच वेळी वीस गोष्टी चुकीच्या म्हणून ऐकाव्या लागल्या, आणि वीस गोष्टी ऐकणारे माणूस एकही ऐकत नाही. त्यांच्यापुढे चारच मागण्या ठेवा. सुटे अ‍ॅसिड नको, कॉइल आणि शेगडी बाळाच्या खोलीत नको, डांबरगोळ्या नकोत, आणि बाटल्या उंचावर. बाकी त्यांच्या पद्धतीने चालू द्या, फिनाईलसुद्धा, मात्र बाळ दुसऱ्या खोलीत असताना, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून, आणि फरशी वाळेपर्यंत बाळाला खाली न सोडता.

रात्री नवी वस्तू आठवते तेव्हा ती कागदावर लिहा आणि सकाळी तिला ते चार प्रश्न लावा. अनेक वस्तू तिथेच गळून पडतील. यानंतरही झोप लागत नसेल, बाळाला जवळ घेतानाही मन लागत नसेल किंवा हात वारंवार धुवावेसे वाटत असतील, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी त्याविषयी मोकळेपणाने बोला. बाळंतपणानंतरच्या वर्षात अनेक स्त्रियांना असा त्रास होतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

शेवटचे, घरात आज जे पडून आहे त्याचे काय करायचे. अ‍ॅसिडची बाटली मोरीत ओतू नका, कारण त्या पाइपात ब्लीच असू शकते. ती झाकण घट्ट लावून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून वेगळी ठेवा. डांबरगोळ्या, कॉइल, जुना पाऱ्याचा थर्मामीटर आणि रंगाचे अर्धे डबेही तिच्यासोबत ठेवा. घनकचऱ्याच्या नियमांनुसार हा घातक घरगुती कचरा ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो. तो तुमच्या प्रभागात कोणत्या दिवशी आणि कुठे घेतात, हे पालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून घ्या, आणि घंटागाडीवरच्या कामगाराच्या हाती देताना आत काय आहे ते त्याला सांगा.